दांडी नसलेली वीस घरं

“धाट एकदम आत सारा, मॅडम. आपला हातच जातोय असं समजून सारा,” दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

मी ज्वारीचं धाट घेऊन कडबाकुट्टीसमोर उभी होते. धाटाला मिस्त्रींनी ओल्या गोणपाटाची चिंधी गुंडाळली होती, मनगटाएवढी जाड. समोर दोन दातेरी रूळ कडबा आत ओढत होते आणि त्यांच्या पलीकडे मोठ्या लोखंडी चाकावरची दोन पाती सपासप फिरत होती. मी धाट सारलं. रुळांनी ते असं हिसकून घेतलं की मीही पुढे ओढले गेले, माझी कंबर समोरच्या आडव्या दांडीला लागली आणि खटकन आवाज होऊन सगळं जागच्या जागी थांबलं. चिंधी पात्यापासून चार बोटं अलीकडे होती.

“अर्धा फेरा,” मिस्त्री म्हणाले. “त्याच्या वर चाक फिरत न्हाई.”

मी उसनं हसले. मागे उभी असलेली महानंदाही हसली. कुट्टी तिची होती, गोठाही तिचाच. तिशीची बाई, चार म्हशी, नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. ती म्हणाली, “पयल्यांदा सगळ्यांचंच काळीज उडतंय. मला तर आता ह्याच्याबिगर करमत न्हाई.” आणि तिनं मला दाखवलं. चारा अडकला की भिंतीवरच्या बटणापर्यंत जायचंच नाही. नुसती कंबर दांडीवर मारायची, यंत्र थांबतं, मग हात घालून अडकलेलं काढून टाकायचं. बोलता बोलता, माझ्याकडे बघत, तिनं ते करून दाखवलं. मला फार कौतुक वाटलं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होते. गावोगावच्या कल्पक माणसांनी केलेल्या नव्या गोष्टी सरकारी प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून कारखान्यापर्यंत पोचाव्यात म्हणून दिल्लीनं एक योजना काढली होती. अशी माणसं शोधायची आणि त्यांचे अर्ज नीट लिहून पाठवायचे, हे आमचं काम. योजना चांगली होती, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. ज्यांनी ती आखली त्यांना खरोखरच काहीतरी व्हावंसं वाटत होतं, आणि मलाही. अर्ज लिहिण्यात मी वाकबगार आहे असा माझा समज होता आणि संस्थेत तो कोणी खोडून काढत नव्हतं.

दस्तगीर मुलाणी बावन्न वर्षांचे होते. मंगळवेढ्यापासून अकरा किलोमीटरवरच्या चिंचवस्तीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. शाळा नववीपर्यंत. गावात हातानं फिरवायच्या कुट्ट्या होत्या, त्यांना मोटार बसवून द्यायचं काम त्यांनीच सुरू केलं. पहिल्याच महिन्यात एका सुनेची तीन बोटं गेली. कोणी त्यांना बोल लावला नाही. कुट्टीत हात जातात, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. पण त्यांचं जेवणावरचं मन उडालं, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. पुढं आठ महिने खपून त्यांनी ही दांडी केली. कंबरेच्या उंचीवर एक आडवा पाइप, त्याला सायकलच्या ब्रेकची तार, ती तार मोटार बंद करणार आणि त्याच झटक्यात जुन्या मोपेडचे ब्रेक चाकाला आवळणार. मोटार बंद करणं सोपं आहे. बंद झाल्यावरही गरगरत राहणारं ते जड चाक थांबवणं, ही त्यांची खरी करामत होती.

तीन वर्षांत त्यांनी अकरा घरी दांड्या बसवल्या होत्या. तपासायला ते दर अमावस्येला जात. त्या दिवशी लोक कुट्टी चालवत नाहीत, धुऊन पुसून तिला हळदकुंकू लावतात, लिंबू ठेवतात. म्हणजे यंत्र रिकामं आणि स्वच्छ मिळतं. मिस्त्री सकाळीच निघायचे, प्रत्येक घरी चिंधीचं धाट घालून बघायचे, तार आवळायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या घरी. मुलाणीमामा आल्याशिवाय बायका लिंबू ठेवत नसत. मी अहवालात ‘मासिक देखभाल पद्धती’ असं लिहिलं. अमावस्या हा शब्द दिल्लीला चालायचा नाही असं मला वाटलं.

त्यांना काय हवं होतं, ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. “माझ्यानं वर्साला चार दांड्या हुत्यात. कुट्ट्या तर एका बाजारात पन्नास इकल्या जात्यात. ती कारखान्यातनंच लागून आली पायजे.” एका कारखान्याकडे ते स्वतः जाऊन आले होते. तिथल्या माणसानं दांडी बघितली, वाखाणली, आणि सरकारी चाचणीचा कागद घेऊन या म्हणाला. तो कागद मिळवण्याची वाट आमच्या योजनेतून जात होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात स्टुलावर लॅपटॉप ठेवून अर्ज भरायला बसले. तेरा रकाने झरझर झाले. चौदाव्या रकान्यात प्रश्न होता: सदर तंत्र सध्या वापरात आहे काय? मी मोठ्या अभिमानानं ‘होय, अकरा ठिकाणी, तीन वर्षे, एकही अपघात नाही’ असं लिहिलं. अर्ज पुढे सरकेना. लाल अक्षरांत सूचना आली की वापरात असलेली तंत्रं या योजनेस पात्र नाहीत, त्यांनी दुसऱ्या योजनेकडे जावं. ती दुसरी योजना मला माहीत होती. तिला नोंदणी झालेली कंपनी लागत होती. दस्तगीरभाईंकडे पत्र्याची शेड होती.

कल्पना असेल तर इकडे, धंदा असेल तर तिकडे. ज्यानं करून, लावून, चालवून दाखवलं आणि धंदा केला नाही, त्याच्यासाठी रकानाच नव्हता. मी अर्धा तास नियम वाचत बसले आणि मग मला वाट सापडली: नियम फक्त ‘सध्या’च्या वापराचा होता, आधीच्या वापराची आडकाठी नव्हती. किती आनंद झाला होता मला, ते आजही आठवतं. मी त्यांना म्हटलं, दांड्या काढू या.

मिस्त्रींच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला.

“लावल्याल्या काढायच्या?”

“दोनच महिने. तपासणीचं पथक येईल, त्यांना दांडी नसलेल्या कुट्ट्या दिसतील. मग तुम्ही चाचणी म्हणून त्या परत लावायच्या. आधी काय होतं, नंतर काय झालं, दोन्ही दाखवता येईल. संशोधनात असंच करतात.”

“दुसरी वाट न्हाई?”

“नाही,” मी म्हटलं.

खरं तर मी कोणाला विचारलंच नव्हतं. दिल्लीला एक फोन केला असता, अशा माणसाचं काय करायचं म्हणून विचारलं असतं, तर कदाचित कोणी काही सांगितलं असतं. पण नियमांतून वाट काढली होती ना मी. ती मला मोडवेना.

त्यांनी पाना परत उचलला. मग म्हणाले, “तुम्ही शिकल्याली माणसं. तुम्ही म्हणताय तर काढतो.” मी घाई केली नाही, दमदाटी केली नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच झालं.

पुढच्या अमावस्येला मी पुन्हा गेले. फोटो लागणार होते. दर घरी तेच. मामा आले म्हणून चहा, आणि मामा आज दांडी न्यायला आले म्हटल्यावर सगळे जरा थबकायचे. सरकारची तपासणी आहे, पास झाली की देशभर लागणार आहे, असं ते सांगायचे. मग लोकांना त्यांचा अभिमान वाटायचा आणि बोल्ट काढायला घरातलीच माणसं मदत करायची.

महानंदाकडे आम्ही शेवटी पोचलो. तिनं विचारलं, “मामा, मग तवर कसं करू?”

“इळ्यानं तोड, पोरी. न्हाईच झालं तर थोडी थोडी धाटं घाल. पदर खोचून. आन अडकलं की आधी भितीवरलं बटन, मग हात. आधी बटन.”

“बटनाकडं जायची सवयच मोडली बगा,” ती म्हणाली.

मी हे ऐकलं. मी तिथंच होते, दोन हातांवर, कॅमेरा लावून. ऐकलं आणि हसले, कारण ती हसत म्हणाली होती. मग दांडी नसलेल्या कुट्टीचा फोटो काढला. तो चांगला आला. मागं पत्र्याची भिंत, त्यावर तिच्या मुलीनं खडूनं काढलेली म्हैस.

एकोणीस दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. सोलापूरच्या दवाखान्यातून बोलत होते. उजवा हात, मनगटाच्या वर.

मी दुपारपर्यंत पोचले. महानंदा जागी होती. तिच्या उशाशी दहा वर्षांची मुलगी बसली होती आणि पायाशी दस्तगीरभाई उभे होते. त्यांना बसायला स्टूल होतं, पण ते बसत नव्हते. मला बघून महानंदानं उठायचा प्रयत्न केला. मी तिला काय बोलणार होते, कोण जाणे. बोलली तीच, आणि माझ्याशी नाही.

“मामा, माझंच चुकलं,” ती म्हणाली. “दांडी काढल्याली ध्यानातच न्हाई ऱ्हायली. अडकलं म्हणून कंबर मारली, आन हात घातला. तुम्ही बजावून गेला हुता.”

दस्तगीरभाईंनी मान हलवली, नको बोलू अशी. ती पुन्हा तेच म्हणाली. चूक तिची आहे हे त्यांनी कबूल करावं असं तिला वाटत होतं. सरकारच्या कामात तिच्यामुळे खोडा नको, असंही ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, दस्तगीरभाई, अपघात कुणाच्याही घरी झाला असता. कुट्ट्यांवर होतातच. असं बोलून मी त्यांना धीर देत होते की मला, ते तुम्हीच ठरवा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली रस्त्याकडं बघत ते म्हणाले, “कुणाच्याबी न्हाई, मॅडम. ज्यांच्याकडं दांडी कधी नव्हतीच, ती माणसं भेत्यात. भिऊन हात जपत्यात. हिची भीती मी काढून घेतली. तीन वर्सं काढून घेतली. आन मग दांडीबी काढून घेतली.”

एवढी वर्षं यंत्रं आणि चाचण्या शिकले होते मी, पण माणसाची कंबरसुद्धा शिकते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते एका वेल्डिंगवाल्याला माहीत होतं, आणि माहीत असून त्यानं माझं ऐकलं होतं.

त्या रात्रीची बस धरून ते गावी परत गेले आणि दोन दिवसांत त्यांनी दहाच्या दहा दांड्या पुन्हा बसवल्या. अकरावी महानंदाच्या कुट्टीला. तिथं आता तिची सासू चारा कापणार होती.

तपासणीचं पथक आलंच नाही. मी पाठवलेले फोटो पुरेसे आहेत, असं पत्र आलं. म्हणजे प्रत्येक घरी पाच मिनिटं दांडी काढून फोटो घेतला असता आणि तिथंच परत बसवली असती, तरी भागलं असतं. हे मी दस्तगीरभाईंना अनेक दिवस सांगितलं नाही. शेवटी सांगितलं तेव्हा ते नुसतं “असं व्हय,” एवढंच म्हणाले.

अर्ज मागं घ्या, असं ते म्हणत होते. मी घेतला नाही. मी म्हटलं, आता मागं घेतला तर महानंदाचा हात फुकट गेला. वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली, पण ते लागू पडलं. फेब्रुवारीत आम्ही दोघं दिल्लीला गेलो. त्यांनी पांढरा सदरा आणि नवी टोपी घातली होती. दांडीचा एक लहान नमुना त्यांनी गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून आणला होता.

समिती पाच जणांची होती. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, अतिशय सौम्य माणूस. त्यांनी नमुना स्वतः हातात घेऊन पाहिला, ब्रेकची तार ओढून पाहिली, आणि दस्तगीरभाईंना हिंदीत म्हणाले की हे फार सुंदर काम आहे. मग ते इंग्रजीत माझ्याकडं वळले. तीन वर्षांत अपघात झाला नाही हे ठीक, पण दांडी नसती तर झाला असता, हे कशावरून?

प्रश्न रास्त होता. आणि मला माहीत होतं की तो येणार. मी नववं चित्र पडद्यावर आणलं. खडूची म्हैस काढलेली पत्र्याची भिंत, पुढं दांडी नसलेली कुट्टी, आणि खाली दोन ओळी. दांडी असताना: छत्तीस महिने, अपघात शून्य. दांडी नसताना: एकोणीस दिवस, अपघात एक.

खोलीतली माणसं पुढं सरकली. इतका वेळ फोनमध्ये असलेल्या एका सदस्यानं फोन उलटा ठेवला. ही माहिती फार मोलाची आहे, असं कोणीतरी म्हणालं. प्राध्यापकांनी आधी ती बाई आता कशी आहे ते विचारलं. पाचांतले ते एकटेच. मग म्हणाले, एका घटनेवर कारखाना विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. आपण याची मोठी, शिस्तशीर चाचणी करू, चाळीस कुट्ट्यांवर.

दस्तगीरभाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण चित्र त्यांना कळलं होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “ती महानंदाची कुट्टी हुती.”

“हो.”

“तिला इचारलं हुतं?”

मी नाही म्हटलं. आम्ही जिना उतरलो. मग त्यांनी विचारलं की ते म्हातारे साहेब शेवटी काय म्हणाले. मी सांगितलं, मोठी चाचणी करायची म्हणाले, चाळीस कुट्ट्यांवर. ते थांबले. “चाळीस?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. गाडीत त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि घरांची नावं लिहायला लागले. ज्यांच्याकडं मोटारीची कुट्टी आहे, ज्यांच्याकडं सून नवी आली आहे, ज्यांच्याकडं म्हातारी कापते. कुठं दांडी आधी लागायला हवी, याचा क्रम ते लावत होते. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. चाचणी म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक होतं. मी बोलले नाही. पत्र येऊ दे, मग बघू, असं मनाशी म्हटलं.

एप्रिलमध्ये पत्र आलं. मंजुरी होती. मी ते घेऊन स्वतः चिंचवस्तीला गेले. दुकानाच्या भिंतीला ओळीनं पाइप उभे होते, कापलेले, वाकवलेले, पिवळा रंग दिलेले. मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. दोन महिने दुसरं काम न घेता त्यांनी ते केले होते.

महानंदाही तिथं होती. दवाखान्यातून आल्यापासून ती दुपारी दुकानात यायची, डाव्या हातानं रंगाचा ब्रश धरायला शिकली होती. तिनं मला स्टूल पुसून दिलं.

“वाचा, मॅडम,” दस्तगीरभाई म्हणाले. “मराठीत सांगा.”

मी वाचत गेले. चाळीस कुट्ट्या. एक वर्ष मुदत. वीस कुट्ट्यांना दांडी बसवावी. उरलेल्या वीस कुट्ट्या दांडीविना तशाच चालू ठेवाव्यात. कोणत्या वीस, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. दोन्ही गटांतल्या घटनांची दर महिन्याला नोंद ठेवावी.

त्यांनी मला थांबवलं.

“वीस घरांत दांडी लावायची. ते समजलं. दुसऱ्या वीस घरांत मी काय करायचं?”

“काही नाही. फक्त दर महिन्याला जायचं आणि नोंद घ्यायची.”

“कशाची?”

मला उत्तर माहीत होतं. मी पुन्हा पत्रात बघितलं.

“बोला की, मॅडम. त्या वीस घरांत जाऊन मी कशाची वाट बघायची?”

मी समजावलं. खरंच समजावलं, मनापासून. मी म्हटलं, ती वीस घरं आजही दांडीविनाच आहेत, आपण त्यांचं काही काढून घेत नाही. वर्षभर थांबलो तर आकडा हातात येईल, आकडा आला की कागद मिळेल, कागद मिळाला की कारखाना लावेल. मग वीस नाही, हजारो घरं. औषधंसुद्धा अशीच तपासतात, दस्तगीरभाई. यात खोटं काही नाही.

“खोटं न्हाईच,” ते म्हणाले. “तुमचं सगळं बराबर हाय. म्हाताऱ्या साहेबाचंबी. पण माझ्याकडं चाळीस दांड्या हायत. वीस ह्या भितीला उभ्या ठेवून मी त्या घरात वही घिऊन जाऊ? तिथली सून च्या ठेवंल माझ्यापुढं. माझ्याच्यानं ते व्हायचं न्हाई.”

मी महानंदाकडं वळले. तिनं सांगितलं तर ते ऐकतील असं मला वाटलं. मी तिला म्हटलं, तू तरी सांग यांना. ती ब्रश डब्यात ठेवून विचार करत होती. मग म्हणाली, “मॅडम, त्या बिनदांडीच्या वीसात माझं घर घाला.”

“म्हणजे?”

“आमची कुट्टी आता बंदच हाय. सासूबाई भेल्यात, म्हशी दोन इकल्या, दोघींना इळ्यानं भागतंय. घरात कुणाचा हात जायचा न्हाई. असं बंद कुट्टीचं घर अजून कुठं कुठं असंल, ते हुडकू. वीस हुत्याल. तुमचं काम बी हुईल आन कुणाला काय व्हायचं बी न्हाई.”

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आशा होती, ती मला आजही दिसते. दोघांनाही वाटलं होतं की तोडगा निघाला. मला पत्राचं तिसरं पान उलटावं लागलं. दोन्ही गटांतली यंत्रं रोज वापरात असणं आवश्यक, असं तिथं लिहिलं होतं.

“तसं चालत नाही, महानंदा,” मी म्हटलं. “कुट्टी रोज चालती हवी. हातानं कडबा घालणारं माणूस हवं.”

“व्हय?” ती म्हणाली. आणि मग, अगदी साधेपणानं, माझ्याकडून समजून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, “मग कुणाचं घर चालतंय?”

दस्तगीरभाईंनी माझ्या हातातून पत्र घेतलं, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं. माझ्यावर ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या बायकोनं जेवायला थांबवलं, म्हणून मी जेवले. ज्वारीची भाकरी होती.

त्या पावसाळ्यापर्यंत त्यांनी चाळीसही दांड्या बसवून टाकल्या. कुठल्याही घराला चिठ्ठी नव्हती, कुठंही मोजणी नव्हती, त्यामुळे त्या चाळीस घरांतून कसलाच पुरावा तयार झाला नाही. अमावस्येच्या फेऱ्या मात्र त्यांना एका दिवसात पुऱ्या होईनात. पुढं गुडघे गेले, तशी फेरी महानंदा करायला लागली, असं मी ऐकलं. मी पुन्हा तिकडं गेले नाही. दस्तगीरभाई सहा वर्षांपूर्वी वारले. ते मला दोन महिन्यांनी कळलं. कारखान्याची कुट्टी जशी होती तशीच विकली जात राहिली. प्राध्यापकांची चाचणी झाली असती तर कदाचित विकली गेली नसती, हेही मला माहीत आहे आणि त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

पुण्याला परतल्यावर मला त्यांची फाइल बंद करायची होती. संगणकावर कारणांची यादी यायची, त्यातलं एक निवडल्याशिवाय फाइल बंद होत नसे. तीनच कारणं होती. अर्जदार अपात्र. मुदत संपली. अर्जदारास स्वारस्य नाही. चौथी ओळ लिहायला जागा नव्हती. मी बराच वेळ पडद्याकडं बघत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी काही नाही म्हटलं, आणि तिसरं कारण निवडलं.